नाताळाच्या आधींचें घर

नाताळ हा शब्द मराठींत पोर्तुगीज भाषेंतून आला. त्याचा मूळ अर्थ जन्माचा, जन्मासंबंधींचा, असा आहे. गोमांतकांत व वसईकडे पोर्तुगीजांची सत्ता होती, तेव्हां तिकडे तो रुजला यांत नवल नाहीं; परंतु ज्या नागपुरास ती सत्ता कधीं शिवली नाहीं, तेथेंहि ख्रिस्ती आणि हिंदु या दोघांच्याहि तोंडीं हाच शब्द आहे.

सण मात्र येथें निराळ्या वाटेनें आला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आला. भूस्तरशास्त्राचा त्याचा व्यासंग मोठा होता. १८६३ सालीं टाकळघाटाजवळ एका ओढ्याच्या पुरांत बुडून तो वारला. त्याच्या नांवाचें कॉलेज त्यानंतर वीस वर्षांनीं, १८८३ सालीं निघालें. कॅथॉलिक पाद्रीहि हिस्लॉपच्या सुमारासच येथें पोंचले. पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं सहा मंडळ्या एकत्र होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही संयुक्त मंडळी याच शहरांत स्थापन झाली. तो दिवस आगमनकालाचा पहिला रविवार, म्हणजे नाताळाच्या तयारीचा आरंभदिन होता.

या सनावळीपेक्षां घरांतली गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत जीं मराठी कुटुंबें ख्रिस्ती झालीं, त्यांच्यापुढें मोठा प्रश्न उभा राहिला. सोयरे तुटले, पंगत तुटली. मग सणहि तुटावेत काय? धर्म पालटला म्हणजे चूलहि पालटावी काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक कांहीं काळ नागपुरास होते. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंनीं तोच मार्ग धरला तो १९०० सालीं, कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर. त्या मधल्या काळाची हकीकत 'स्मृतिचित्रें' वाचणारांस ठाऊक आहेच. टिळकांनीं अभंग व भजन हीं सोडलीं नाहींत, उलट तींच ख्रिस्ती उपासनेंत आणलीं. स्वयंपाकघरांत गृहिणींनीं हेंच केलें. फक्त त्यांच्या कामगिरीचे ग्रंथ झाले नाहींत.

आगमनकाल चार रविवारांचा असतो. ३० नोव्हेंबरास जवळचा जो रविवार, त्या दिवशीं तो सुरू होतो. त्याच सुमारास नागपुरांत थंडी उतरूं लागते, आणि घरांतल्या जळमटांकडे लक्ष जातें. झाडलोट, भिंतींची रंगसफेदी, पितळेचीं भांडीं घांसणें, शिंप्याकडे खेपा, हा सारा क्रम दिवाळीचाच. फराळांत पहिला मान अनारशांचा. कारण त्यांस वेळ फार लागतो. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, पाणी रोज बदलावयाचें, मग कांडून गुळांत मळलेलें पीठ आणखी कांहीं दिवस मुरूं द्यावयाचें. करंज्यांत सुकें खोबरेंच घालतात, ओला नारळ फार दिवस टिकत नाहीं. या दिवसांतली कोरडी हवा पारीला चिरा पाडते, म्हणून भरलेली करंजी तळेपर्यंत ओल्या फडक्याखालीं ठेवावी लागते. चकल्या, शेव, शंकरपाळे यांविषयीं निराळें सांगावयास नको.

नवा पदार्थ काय तो केक. तो साहेबाच्या घरचा खरा, पण येथें येऊन तोहि नागपूरकर झाला. इंग्रजी कृतींत पाकवलेली फळांची साल लागते. उत्तरेस अलाहाबादेकडे तिच्या जागीं पेठा घालतात. नागपुरांत त्याची गरजच नाहीं. आंबिया बहाराचा संत्रा ऐन या दिवसांत बाजारांत असतो. सालीची आंतली पांढरी, कडू बाजू खरवडावी, साल दोनदां उकळून तें पाणी टाकून द्यावें, आणि मग साखरेच्या पाकांत ती पारदर्शक होईपर्यंत शिजवावी. मनुका-बेदाणे कांहीं घरांत रमांत भिजवितात. तीं महिनाभर सहज राहतात. मद्य वर्ज्य मानणाऱ्या घरांत तीं संत्र्याच्या रसांत घालतात. रस आंबतो, म्हणून ही भिजवण केकाच्या एक-दोन दिवस आधींच करावी लागते. तांबूस काळा रंग येतो तो साखर करपवून केलेल्या पाण्याचा. साखर जराशी अधिक जळली कीं सारा केक कडू होतो, म्हणून हें काम सहसा आजी दुसऱ्या कोणाच्या हातीं देत नाहीं.

लोणी आणि साखर फेसणें हें खरें कष्टाचें काम. फेसतांना त्यांत हवा कोंडली जाते, आणि तीच हवा भट्टींत फुगून केक हलका करते. थंडीनें लोणी गोठलेलें असलें तर हवा धरत नाहीं. यासाठीं पातेलें सकाळच्या उन्हांत ठेवावें लागतें. २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरांत पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, यावरून या उन्हाची किंमत ध्यानीं यावी. हात एकाच दिशेनें फिरवावा असाहि एक दंडक आहे. त्यास शास्त्राचा आधार नसावा, पण खोडकर मुलास अर्धा तास एका जागीं बसविण्यास तो फार उपयोगी पडतो.

भाजण्यासाठीं पूर्वीं वाळूच्या पातेल्यावर निखारे ठेवीत, नाहींतर सारें सामान घेऊन बेकरीची भट्टी गांठीत. पाव भाजून झाले कीं उरलेल्या धगीवर गिऱ्हाइकांचे डबे आंत जात. प्रत्येकाच्या डब्यावर नांवाची चिठी. डबा बदलूं नये म्हणून कोणीतरी तेथेंच ठाण मांडून बसे, आणि त्या बैठकींत कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट कुटुंबांची जी ओळख होई ती देवळांत होत नसे.

आतां शेजाऱ्यांच्या ताटांची गोष्ट. दिवाळींत हिंदु शेजारणीकडून आलेलें ताट रिकामें परत करावयाचें नाहीं, ही मराठी घरांची रीत. त्या ताटाची फेड नाताळांत होते. अडचण अंड्यांची. शेजारच्या काकू अंडें खात नाहींत, मग केक कसा द्यावा? म्हणून फराळ आधीं करावयाचा, निराळ्या कढईंत, निराळ्या तुपांत. अंडीं घरांत फोडावयाचीं तीं त्यानंतर. याचा नियम कोणत्याहि धर्मग्रंथांत नाहीं. तो गृहिणींनींच घालून घेतला आणि सासूनें सुनेस शिकविला. कोणास तो अतिरेक वाटेल. पण पंगत तुटलेल्या घराशीं गल्लीचा संबंध राहिला, तो पुष्कळसा या कढईमुळेंच.

शेवटच्या आठवड्यांत दारावर बांबूच्या कांबींचा व कागदाचा तारा चढतो. आकाशकंदील करणारे हात तोहि करतात. कॅथॉलिक घरांत गवत आंथरून गोठा मांडतात. बाळाला निजविण्याच्या जागेस मराठी बायबलांत 'गव्हाण' म्हटलें आहे, आणि शेतकऱ्याच्या पोरास तो शब्द समजावून द्यावा लागत नाहीं. रात्रीं तरुण मंडळी पेटी, ढोलक घेऊन घरोघर गीतें गात फिरतात. त्यांच्यासाठीं मध्यरात्रींहि चहाचें आधण तयार ठेवावें लागतें, कारण कोणत्या घरीं ती केव्हां पोंचतील याचा नेम नसतो.

अलीकडे फराळ दुकानांतून विकत येतो, केकहि घरच्या विजेच्या भट्टींत होतो. मुलें पुण्यास, बंगळूरास, परदेशीं. तीं २३ तारखेस येतात आणि नववर्षाबरोबर परततात. तरी करंज्यांचा एक घाणा बहुतेक घरीं राखून ठेवलेला असतो, मुलें आल्यावर भरण्यासाठीं. २४ तारखेस संध्याकाळीं कॅथॉलिक मंडळी मध्यरात्रींच्या मिस्सेची तयारी करते, प्रॉटेस्टंट घरांत सकाळच्या उपासनेचे कपडे काढून ठेवतात, आणि ओट्यावर विणलेल्या रुमालांनीं झांकलेलीं ताटें रांगेनें लागतात. काकूंचें ताट त्यांत कडेला, निराळें.