गुरगुरणं ही सूचना आहे, गुन्हा नाही!

घरातलं आठ-दहा महिन्यांचं कुत्रं मुलांवर गुरगुरलं, की आपण त्याच्यावरच ओरडतो. कृपया तसं करू नका. ‘लांब राहा’ हे सांगायची त्याची ती भाषा आहे. ती दाबली, तर पुढच्या वेळी ते न गुरगुरता थेट चावू शकतं.

आधीच्या खुणा ओळखा: सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, अंग ताठ होणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं.

🐾 ते खाताना, झोपलेलं असताना मुलांना दूर ठेवा.
🐾 मोठं माणूस जवळ नसेल, तर दोघांना वेगळं ठेवा.
🐾 वागणं अचानक बदललं, तर पशुवैद्यांना दाखवा. कान किंवा सांधा दुखत असू शकतो.
🐾 चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.