प्रवाळाच्या टाकीतील चुन्याचा हिशेब

चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण वर्गात नेहमी करतो. वायू सोडणे तसेच चालू ठेवले, तर दुधाळपणा नाहीसा होऊन द्रावण पुन्हा नितळ होते. या दुसऱ्या टप्प्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पहिल्या टप्प्यात न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. दुसऱ्या टप्प्यात तेच कार्बोनेट पाणी व जादा कार्बन डायऑक्साइड यांच्याशी अभिक्रिया करून विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट बनते. जिवंत प्रवाळ काचेच्या टाकीत वाढवणारे लोक जे 'कॅल्शियम रिॲक्टर' नावाचे उपकरण वापरतात, ते या दुसऱ्या टप्प्यावरच चालते. १९९० च्या दशकात जर्मनीतून त्याचा प्रसार झाला.

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यासाठी लागणारा माल प्रवाळ समुद्राच्या पाण्यातून घेतो. समुद्रात पाण्याचा साठा अफाट असल्याने काही कमी पडत नाही. टाकीत मात्र पडते. किती, ते आकडे मांडून पाहू.

समजा, टाकीत ४०० लिटर खारे पाणी आहे. त्यात लिटरमागे सुमारे १० मिलिमोल (४०० मिलिग्रॅम) कॅल्शियम आहे. क्षारता, म्हणजे ढोबळमानाने बायकार्बोनेट, लिटरमागे २.५ मिलिमोल आहे. प्रवाळांनी दिवसभरात १० ग्रॅम, म्हणजे १०० मिलिमोल, कॅल्शियम कार्बोनेट जमवले. एका कॅल्शियममागे दोन बायकार्बोनेट खर्च होतात. म्हणून कॅल्शियम लिटरमागे ०.२५ मिलिमोलने घटले, तर बायकार्बोनेट ०.५ मिलिमोलने. टक्केवारीत पाहिले तर कॅल्शियम केवळ अडीच टक्के कमी झाले, पण बायकार्बोनेट तब्बल वीस टक्के! उपकरणाच्या नावात कॅल्शियम असले तरी टाकीत आधी टंचाई भासते ती बायकार्बोनेटची. क्षारतेत एकाएकी मोठे चढउतार झाले तर प्रवाळाच्या ऊती सांगाड्यावरून सुटून येण्याचा धोका असतो. तेव्हा भरपाई योग्य प्रमाणात तर हवीच, शिवाय ती संथ आणि एकसारखी हवी.

प्रमाणाचा प्रश्न रसायनशास्त्रच सोडवते. रिॲक्टर म्हणजे एक बंद नळकांडे. त्यात मृत प्रवाळाच्या सांगाड्याचा स्वच्छ धुतलेला चुरा भरतात. एक लहान पंप आतले पाणी चुऱ्यातून सतत फिरवत ठेवतो. सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे मोजून आत सोडले जातात. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो, नळकांड्यात तो ६.६ च्या आसपास आणला की चुरा विरघळू लागतो. जे प्रवाळ बांधतो तेच येथे उलगडले जाते. त्यामुळे एका कॅल्शियममागे दोन बायकार्बोनेट हे प्रमाण आपोआप जुळते.

आता वेगाचा प्रश्न. नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची क्षारता लिटरमागे १२.५ मिलिमोल असेल, तर टाकीच्या पाण्यापेक्षा ती १० मिलिमोलने जास्त झाली. टाकीला रोज २०० मिलिमोल हवे आहेत. म्हणजे रोज २० लिटर, मिनिटाला जेमतेम १४ मिलिलिटर पाणी हवे. इतकी बारीक धार सलाइनच्या नळीवर असते तशा चिमट्याने किंवा लहान झडपेने धरता येते. पण चुन्याचे कण आणि बुळबुळीत थर साचून ती काही दिवसांत तुंबते. धार थांबली आणि वायू चालूच राहिला, तर आतले पाणी अधिक आम्लधर्मी होऊन चुऱ्याचा लगदा होतो आणि टाकी उपाशी राहते.

येथे पेरिस्टाल्टिक पंप उपयोगी पडतो. आपली अन्ननलिका क्रमाने आकुंचन पावत घास पुढे सरकवते; या हालचालीवरूनच पंपाला नाव मिळाले. पंपात एक मऊ नळी अर्धगोलाकार बसवलेली असते आणि फिरणारे रूळ तिला दाबत पुढे जातात. दोन रुळांमध्ये अडकलेले ठरावीक पाणी दर फेऱ्याला पुढे ढकलले जाते. वाटेत झडप नाही, त्यामुळे बारीक कण अडकत नाहीत. आणि फेरे ठरले की धारही ठरली. डायलिसिसच्या यंत्रात रुग्णाचे रक्त याच तत्त्वावर फिरवले जाते.

मांडणी करताना हा पंप रिॲक्टरच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर बसवला, तर तो जेवढे पाणी ओढतो तेवढेच टाकीतून आत येते आणि नळकांड्यात दाब वाढत नाही. धार एकदा ठरवून तशीच ठेवावी आणि फक्त वायूचे प्रमाण बदलावे. टाकीची क्षारता रोज ठरावीक वेळी मोजावी. दाबून दाबून नळी सैल पडते, म्हणून मोजपात्र व घड्याळ घेऊन अधूनमधून धार तपासावी. वायूचा सिलिंडर नेहमी उभा आणि हवेशीर जागी असावा.

भारतातील अश्मप्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार २००१ पासून संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ पाहावेत, पण तोडून आणू नयेत. या प्रवाळांसाठीही वरची अभिक्रिया महत्त्वाची आहे. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे, आणि त्याचे कारण आपण हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड हेच आहे. नळकांड्यात आपण मुद्दाम जे करतो त्याच दिशेने समुद्र हळूहळू सरकतो आहे, आणि तिथे प्रवाळाला सांगाडा बांधणे अवघड होत जाते.

वर्गात हे दाखवायला प्रवाळ लागत नाही. साध्या सोडावॉटरच्या दोन बाटल्या घ्या. एकीत अंड्याच्या कवचाची बारीक पूड चमचाभर घालून बूच घट्ट लावा; दुसरी तशीच ठेवा. दोन-तीन दिवसांनी दोन्ही पाणी गाळून वेगवेगळे उकळा. पूड घातलेले पाणी गढूळ होऊन तळाशी पांढरा साका बसेल. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले की बुडबुडे येतील. पुडीऐवजी फळ्यावरचा खडू मात्र वापरू नका. तो बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. खडूने हा प्रयोग का फसतो, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.