ओहोटींतील अचूक उडी

माशाची स्मरणशक्ति क्षणभराची, अशी लोकांत समजूत आहे. अटलांटिक महासागरांतील एका लहानशा माशाचें वर्तन पाहिलें असतां ही समजूत टिकत नाहीं.

बहामा बेटांपैकीं बिमिनीच्या खडकाळ किनाऱ्यावर गोबी वर्गांतील हा मासा राहतो. कोकणच्या खाड्यांतील निवट्याचा तो दूरचा आप्त. लांबी वीतभरहि नाहीं. ओहोटी लागली कीं तो खडकांच्या खळग्यांत सांचलेल्या डबक्यांत अडकून पडतो. तेथें त्यास कोणी डिवचलें, तर तो उसळी मारून शेजारच्या डबक्यांत जातो; कधीं एकामागून एक डबकीं ओलांडीत मोकळा समुद्र गांठतो. मध्यें खडक आड येत असल्यामुळें पुढचें डबकें त्यास दिसत नाहीं. उडी चुकली तर कोरड्या खडकावर आपटून प्राणाशीं गांठ!

मग दिशा कळते कशी? अमेरिकन शास्त्रज्ञ लेस्टर आरॉन्सन यांनीं १९५१ सालीं याची उपपत्ति मांडली. भरतीच्या वेळीं सर्व खडक पाण्याखालीं जातात. त्या वेळीं हा मासा त्यांवरून पोहत खळगे व उंचवटे पाहून ठेवतो, आणि ओहोटींत तीच आठवण त्यास वाट दाखविते. १९७१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या पुढील प्रयोगांनीं यास बळकटी आली. कृत्रिम डबक्यांत प्रथमच सोडलेल्या माशांच्या उड्या बहुधा चुकल्या. एक रात्र पाणी चढवून त्यांस वर हिंडूं दिल्यावर मात्र जवळजवळ सर्व उड्या नेमक्या पडल्या. सुमारें ४० दिवसांनंतरहि ही ओळख पुसली गेली नव्हती.

सर्वच मासे खुणांवर सारखाच भरंवसा ठेवितात, असें नाहीं. पाठीवर तीन कांटे असलेल्या स्टिकलबॅक माशांवरील प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत तळ्यांतील माशांचा कल वनस्पतींसारख्या खुणांकडे अधिक दिसला, तर नदींतील माशांचा कमी. याचें कारण सहज उमगतें. तळ्यांतील झुडूप व दगड बहुधा जागचे हालत नाहींत. नदींत आजची खूण उद्यां प्रवाहाबरोबर वाहून जाण्याचा संभव असतो. अशा ठिकाणीं डावें-उजवें वळण ध्यानांत ठेवणें अधिक शहाणपणाचें.

बिमिनीचे खडक अढळ आहेत, म्हणून तेथील माशानें त्यांवर जीव टाकावा हें योग्यच. भरतीच्या निर्धास्त वेळीं जें नीट पाहून ठेवलें, तेंच ओहोटीच्या संकटांत त्याच्या कामीं येतें.