ओळख, वशिला आणि प्रौढ तंत्रज्ञ

पन्नाशीच्या आसपास नोकरी गमावलेल्या संगणक-अभियंत्यास ‘जुन्या परिचितांना भेटा’ असा सल्ला दिला, तर मराठी माणूस बहुधा संकोचतो. हा संकोच केवळ स्वभावाचा नव्हे. काही अंशी तो शब्दार्थाचाही आहे. ‘ओळख काढणे’ हा प्रयोग मराठीत ‘वशिला लावणे’ याच्या फार निकट जाऊन बसला आहे. ‘वशिला’ हा मूळचा अरबी शब्द. साधन किंवा माध्यम एवढाच त्याचा अर्थ. योग्यतेवाचून मिळविलेल्या लाभाची छटा त्याला व्यवहारात चिकटली, आणि त्या छटेने ‘ओळख’ हा निरुपद्रवी शब्दही डागाळला.

वशिल्यात दुसऱ्याची सत्ता वापरली जाते. ओळखीत मुख्यतः वार्ता मिळते. हा भेद मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या निबंधामुळे विशेष स्पष्ट झाला. अमेरिकेतील बॉस्टननजीकच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक व तांत्रिक वर्गातील पुरुषांची त्यांनी पाहणी केली. परिचिताकडून नोकरी कळलेल्या ५४ जणांपैकी त्या परिचिताची वारंवार भेट होणारे केवळ १६.७ टक्के निघाले; प्रसंगोपात्त भेटणारे ५५.६ टक्के व क्वचित भेटणारे २७.८ टक्के होते. कारण उघड आहे. शेजारच्या मेजावर वीस वर्षे बसलेल्या सहकाऱ्यास जे ठाऊक, ते आपणासही ठाऊक असते. शिवाय विभाग बंद पडला की दोघेही एकदमच रस्त्यावर येतात.

भाषाभ्यासकांस ही मांडणी परकी वाटू नये. जेम्स व लेस्ली मिलरॉय यांनी १९८५ मध्ये हेच तत्त्व भाषापरिवर्तनास लावले : दाट संबंधांचा समूह बोली टिकवितो, नवे रूप त्यात शिरते ते विरळ संबंधांच्या वाटेने.

प्रौढ तंत्रज्ञाच्या बाबतीत याला अधिक महत्त्व आहे. अर्जात वय आधी दिसते, कर्तृत्व मागाहून. अमेरिकेने १९६७ च्या कायद्याने चाळीस व त्यापुढील वयाच्या नोकरदारांस संरक्षण दिले खरे, परंतु न पाठविलेल्या बोलावण्यामागील हेतू सिद्ध करणे दुष्कर असते. पूर्वी एकत्र काम केलेल्या माणसाच्या मनात मात्र क्रम उलटा असतो. लेव्हिन, वॉल्टर व मर्निघन यांच्या २०११ च्या अभ्यासात, तीन वर्षे वा अधिक काळ खंडित राहिलेले परिचय पुन्हा जोडले असता त्यांत नवी माहिती आणि जुना विश्वास दोन्ही एकत्र आढळले. अशा सुप्त परिचयांचा साठा पंचविशीतील तरुणापाशी कोठून असणार!

तथापि दुरावा जितका अधिक तितका लाभ अधिक, असे नाही. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मध्यम विरळ संबंध सर्वांत उपयुक्त ठरले.

उरतो प्रश्न विचारण्याच्या भाषेचा. ‘माझ्यासाठी कुठे काही असेल तर बघा’ या वाक्याने ऐकणाऱ्यावर अनिश्चित ओझे पडते. वशिल्याचा वासही त्यालाच येतो. ‘तुमच्याकडे बँकांच्या जुन्या प्रणाली नव्या यंत्रणेवर नेण्याचे काम कोण पाहते?’ या प्रश्नाला एका नावाने उत्तर देता येते. ‘आमच्याकडे ते काम नाही’ असे सांगतानाही कोणी अवघडत नाही, आणि पुष्कळदा त्याच वाक्याच्या शेवटी दुसऱ्या कोणाचे नाव येते.