बिअर-परीक्षणातील शब्द आणि गुण

चार मित्र एकाच बाटलीतील बिअर चार पेल्यांत ओततात. प्रत्येक जण रंग पाहतो, वास घेतो, एक घोट घेतो आणि आपल्या कागदावर पन्नासांपैकी गुण मांडतो. एकाच्या कागदावर ३८ येतात, दुसऱ्याच्या कागदावर २९. उरलेल्या दोघांचे आकडे यांच्या मध्ये कोठेतरी पडतात. मग सरासरी काढली जाते आणि तीच त्या बिअरची योग्यता म्हणून वहीत नोंदली जाते. या व्यवहारात जिभेचा भाग किती आणि भाषेचा किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः ३८ आणि २९ यांमधील अंतर पुष्कळदा रुचीचे नसून शब्दार्थाचे असते. ते कसे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१)

मोठ्या कारखान्यांतून निघणाऱ्या एकसारख्या बिअरहून निराळी, लहान व स्वतंत्र भट्टीत तयार होणारी जी बिअर, तिला 'क्राफ्ट बिअर' असे नाव रूढ झाले आहे. तिच्या परीक्षणाची परंपरा फार जुनी नाही. १९७७ साली मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाचा 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि देशोदेशींच्या बिअरकडे प्रकारवार पाहण्याची दृष्टी सामान्य वाचकास लाभली. १९७८ साली अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने घरगुती उपयोगासाठी बिअर करण्यास मोकळीक दिली. हौशी मंडळींच्या स्पर्धा वाढल्या, तशी जाणत्या परीक्षकांची गरज भासू लागली, आणि १९८५ साली 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' ही परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी व्यवस्था अस्तित्वात आली.

या व्यवस्थेच्या गुणपत्रकात एकूण ५० गुणांची विभागणी अशी आहे : गंधास १२, रूपास ३, चवीस २०, तोंडात जाणवणाऱ्या स्पर्शास ५ आणि एकंदर परिणामास १०. रूपास इतके थोडे गुण का, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु डोळा हा या कामी विश्वासू साक्षीदार नव्हे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात मद्यविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे गंधहीन रंग घालून तांबडी केलेली पांढरी वाइन ठेवण्यात आली. विद्यार्थ्यांनी तिच्या गंधाचे वर्णन तांबड्या वाइनसाठी राखलेल्या शब्दांनी केले. येथे डोळ्याने वर्ग ठरविला, वर्गाने शब्द पुरविले आणि नाकाने त्यांस मान डोलावली, असेच म्हणावे लागेल.

(२)

आस्वादाच्या भाषेचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅड्रिएन लेहरर यांनी केला. त्यांचा लेख १९७५ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात आला आणि 'वाइन अँड कॉन्व्हर्सेशन' हा ग्रंथ १९८३ साली. एकाने वाइनचे वर्णन करावयाचे आणि दुसऱ्याने त्या वर्णनावरून ती वाइन ओळखावयाची, असे त्यांच्या काही प्रयोगांचे स्वरूप होते. सामान्य रसिकांच्या बाबतीत ही ओळख निव्वळ अंदाजाहून फारशी सरस ठरली नाही. तरीही बोलणाऱ्यांना आपण एकमेकांस समजलो असे वाटत होते आणि बोलण्यात त्यांना आनंदही होता.

या निष्कर्षाने आस्वादाचे संभाषण निरर्थक ठरत नाही. माहिती देण्यापेक्षा आपुलकीचा धागा टिकविणे हेच ज्याचे मुख्य कार्य, अशा भाषाव्यवहाराकडे मालिनोव्स्की यांनी १९२३ सालीच लक्ष वेधले होते. मित्रांच्या बैठकीतील बरेचसे बोलणे या जातीचे असते, आणि तसे असण्यात काही गैर नाही. अडचण उद्भवते ती गुण मांडले जातात तेव्हा. गुण हा माहितीचा दावा करतो. ज्या शब्दांवर तो उभा असतो ते केवळ सौहार्दाचे असतील, तर दाव्यास आधार उरत नाही.

(३)

शब्दांना आधार देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न मॉर्टेन माइलगार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी केला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत बिअरच्या गंध-चवींचे १४ वर्ग आणि १२२ संज्ञा आहेत. ही मांडणी चक्राकार दाखविली जाते. म्हणून तिला 'स्वादचक्र' म्हणणे सोयीचे होईल. भाषाशास्त्रीय दृष्टीने तिच्यातील तीन दंडक महत्त्वाचे आहेत. ओळखता येणाऱ्या प्रत्येक स्वादास स्वतंत्र नाव असावे; 'चांगले', 'वाईट' यांसारखे मूल्यवाचक शब्द वगळावेत; आणि शक्य तेथे प्रत्येक संज्ञेचा अर्थ सहज मिळणाऱ्या नमुन्याने दाखवावा. तिसऱ्या दंडकाचा आशय असा की, व्याख्या शब्दांनी न करता पदार्थ नाकाखाली धरून करावयाची.

आता आरंभीच्या चार मित्रांकडे वळू. त्यांच्या पेल्यांत बव्हेरियाच्या धर्तीची गव्हाची बिअर होती असे समजा. या प्रकारात यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचे द्रव्य निर्माण करते, त्यास पिकल्या केळ्याचा वास असतो. दुसऱ्या एका द्रव्यामुळे लवंगेचा वास येतो. हे दोन्ही या प्रकाराचे लक्षणच होत. केळ्याचा हाच वास पिल्सनर या प्रकारात स्पष्ट आला, तर मात्र तो दोष ठरतो. ३८ गुण देणाऱ्याने केळे ओळखून ते लक्षण मानले. २९ देणाऱ्याने तेच केळे ओळखून त्यास दोष मानले. नाके दोघांचीही शाबूत आहेत. मतभेद आहे तो प्रस्तुत वस्तू कोणत्या वर्गात घालावी याविषयी. या दोन गुणांची सरासरी ३३॥ येते, आणि दोघांपैकी कोणाचेच ते मत नसते.

मतभेद वर्गाचा असल्यास तो बोलून मिटतो. आकड्यांची बेरीज करून तो झाकला जातो. लहान भट्टीवाल्याच्या दृष्टीने तर हा भेद उपजीविकेचा आहे. '२९' या आकड्यावरून त्यास काय सुधारावे हे कळत नाही. 'लोण्याचा वास येतो' असे कोणी लिहिले, तर तो डायअसिटिल या द्रव्याचा परिणाम असावा हे तो जाणतो. किण्वनाच्या अखेरीस यीस्ट हे द्रव्य पुन्हा शोषून घेते. बिअर त्याआधीच थंड केली, तर ते मागे राहते. तेव्हा पुढील खेपेस आणखी काही दिवस थांबावे, हा उपाय त्या एका शब्दातच असतो.

(४)

हा विचार मराठी भाषकांस परका राहिलेला नाही. पुण्यात २००९ साली 'डूलाली' ही लहान भट्टी सुरू झाली. हे नाव इंग्रजीत 'भ्रमिष्ट' या अर्थी रूढ असलेला शब्द असून, तो नाशिकजवळील देवळालीच्या लष्करी छावणीवरून इंग्रज सैनिकांच्या बोलीत तयार झाला. गावाचे नाव मनःस्थितीचे विशेषण होऊन परत महाराष्ट्रात यावे, हा अर्थांतराचा बोलका नमुना आहे.

रसनामांचा इतिहासही असाच सावध करणारा आहे. आयुर्वेदातील षड्रसांत 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीतील 'कडू' हा शब्द 'कटु'पासूनच आला, परंतु अर्थ त्याने 'तिक्त'चा घेतला. हॉपच्या फुलांमुळे बिअरला येणारी चव 'कटु' असे लिहिणारा मराठी लेखक कोणती चव सांगतो, हे म्हणूनच तपासावे लागते.

गंधाच्या बाबतीत 'खमंग', 'खरपूस', 'कुबट', 'खवट', 'उग्र' अशी शब्दसंपत्ती मराठीत आहे. यांतील बहुतेक शब्द गुण आणि निवाडा एकदमच सांगतात. खमंग वस्तू वाईट असू शकत नाही आणि कुबट वस्तू चांगली असू शकत नाही. स्वादचक्राच्या दंडकाप्रमाणे असे शब्द वर्ज्य ठरतील. परंतु भाजलेल्या माल्टच्या गंधास 'खरपूस' याहून नेमका शब्द मिळणे कठीण. अशा वेळी शब्द न टाकता त्याचा नमुना ठरवून द्यावा, हे अधिक श्रेयस्कर.

केवळ भाषांतर मात्र पुरेसे नाही. उजेडाने बिघडलेल्या बिअरच्या वासास इंग्रजीत 'स्कंक' या दुर्गंधी सोडणाऱ्या अमेरिकन प्राण्याचे नाव देतात. ज्या मराठी रसिकाने तो प्राणी कधी हुंगलेला नाही, त्यास ही संज्ञा निरुपयोगी आहे. पांढऱ्या काचेच्या बाटलीतील हॉपयुक्त बिअर काही वेळ उन्हात ठेवून ताज्या बिअरशेजारी हुंगली, तर अर्थ लगेच हाती येतो. मग त्यास नाव कोणतेही द्यावे.

(५)

यावरून मित्रमंडळींच्या परीक्षणाचा क्रम सुचतो. बाटली झाकलेली असावी, परंतु बिअरचा प्रकार आधी सांगावा. घोट थोडा असावा आणि सौम्य बिअर उग्र बिअरच्या आधी यावी. प्रत्येकाने प्रथम मुकाट्याने लिहावे. कारण पहिला बोलणारा इतरांच्या नाकांत आपला शब्द घालतो. त्यानंतर शब्दांची चर्चा व्हावी आणि गुण सर्वांत शेवटी मांडावेत.

भेद खरोखर जाणवतो की नाही, हे पाहण्यासाठी त्रिपेला कसोटी आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग भट्टीतील संशोधकांनी १९४० नंतरच्या दशकात ती वापरात आणली. तीन पेल्यांपैकी दोहोंत एकच बिअर असते. वेगळा पेला ओळखावयाचा असतो. निव्वळ अंदाजाने तिघांत एकास तो सापडतोच. सहा मित्रांपैकी चौघांना तो सापडला, तरी एवढे यश किंवा याहून अधिक यश योगायोगाने मिळण्याची शक्यता सुमारे १० टक्के उरते. पाच जणांना सापडला, तर ती २ टक्क्यांच्या आत येते. ही कसोटी न उतरता दोन बिअरना ३८ आणि ३६ असे गुण देणे म्हणजे नसलेला भेद मोजणे होय.

सारांश, गुण हे परीक्षणाचे फलित असले तरी त्याचे सार नव्हे. ज्या मंडळींनी वर्षभरात वीस शब्द तरी प्रत्यक्ष नमुन्यांवर घासून एकमतात आणले, त्यांच्या ३८ ला अर्थ असतो, आणि त्यांच्यातील मतभेदालाही.