जिओइन्फर्मेटिक्सला ॲडमिशन का घ्यायची? उत्तर सीनेच्या काठावर आहे

भूगोल घेऊन बी.ए. किंवा बी.एस्सी. झालं, आता पुढं काय? सोलापूरकडच्या घरांमध्ये याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आण. तिसरं उत्तर घरच्यांना सहसा माहीतच नसतं: एम.एस्सी. जिओइन्फर्मेटिक्स, म्हणजे नकाशे, उपग्रहाची चित्रं आणि कॉम्प्युटर यांचा एकत्र अभ्यास.

प्रवेशाच्या मुलाखतीत किंवा अर्जासोबतच्या निवेदनात अनेक ठिकाणी विचारलं जातं, हाच विषय का? यावर बरेच जण लिहितात, 'मला लहानपणापासून नकाशांची आवड आहे.' हे खरंही असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. आवड सगळ्यांनाच असते. त्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातला एखादा प्रश्न उचलावा, ज्याचं उत्तर आज फोनवर मिळत नाही. असे प्रश्न सोलापूर जिल्ह्यात भरपूर आहेत.

सीना नदीच घ्या. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून चालत पलीकडे जाता येतं. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हीच नदी करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतल्या शिवारात घुसली. उभी पिकं गेली, घरांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू होतात आणि खरा प्रश्न तिथं येतो: कोणत्या गटात पाणी आलं होतं, आणि किती क्षेत्रात? फोनवरचा मॅप याबद्दल गप्प असतो. पुराच्या दिवशीही त्यात सीना तीच बारीक निळी रेघ दिसते.

आता हे उत्तर शोधायचं कसं, ते बघू. या कोर्समध्ये नेमकं काय शिकवतात, तेही त्यातच कळेल.

ढगांच्या आरपार बघणारा उपग्रह

पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला फक्त ढगांची पाठ दिसते. म्हणून सेंटिनेल-१ सारख्या रडार उपग्रहाचं चित्र घ्यायचं. हा युरोपचा उपग्रह आहे आणि त्याचा डेटा कुणालाही फुकट मिळतो. तो स्वतःच सूक्ष्मलहरी जमिनीकडे सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. या लहरी ढगांतून जातात, रात्रीही चालतात. शांत पाणी आरशासारखं वागतं. तिरप्या आलेल्या लहरी ते पलीकडे परावर्तित करतं, उपग्रहाकडे फार थोडं परत येतं, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. शेत खडबडीत असतं, तिथून बरंच परत येतं, म्हणून ते उजळ दिसतं. पुराआधीचं आणि पुरातलं अशी दोन चित्रं एकावर एक ठेवली, की नव्याने काळी झालेली जागा म्हणजे पुराचं पाणी.

इतकं सोपं असतं तर दोन वर्षांच्या कोर्सची गरज नव्हती. उपग्रह रोज डोक्यावरून जात नाही, त्यामुळे पुराचा जोर ज्या दिवशी होता नेमका तोच दिवस हुकू शकतो. दुसरं म्हणजे ऊस. उसाच्या बुंध्याशी गुडघाभर पाणी साचलं तरी वर पाल्याचं छप्पर असतं. तिथं चित्रात काळा डाग दिसेलच असं नाही. काही वेळा पाण्यावरून आणि मग बुंध्यावरून अशी दोनदा उडी मारून लहर परत येते आणि जागा उलट जास्त उजळ दिसते. म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरवर सोडलं, तर ज्याचा ऊस बुडाला तोच शेतकरी नकाशात कोरडा निघेल. कोणत्या गावात ऊस जास्त, कुठे ज्वारी, काळी जमीन पाणी किती दिवस धरते, हे माहीत असलेला माणूस इथं लागतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याला कोडिंगवाल्यापेक्षा दोन गोष्टी जास्त कळतात, त्या याच.

गट नंबरचा नकाशा जुळत का नाही?

पाणी सापडलं, आता त्यावर गटांच्या हद्दी टाकायच्या. महाभूनकाशाच्या साइटवर गावाचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. हे नकाशे मुळात आले जुन्या कागदांवरून. पूर्वी मोजणी शंकू-साखळीने होत असे. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. आपला गुंठा तिथूनच आला: ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. प्रत्येक गाव वेगळं मोजलं, वेगळं काढलं. त्या कागदावर अक्षांश-रेखांश नव्हते. ते स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर ठेवलं, की बांध सरकलेले दिसतात आणि शेजारच्या दोन गावांच्या शिवा एकमेकींना भेटत नाहीत.

हे जुळवण्याच्या कामाला जिओरेफरन्सिंग म्हणतात. शिवेचा दगड, जुनी विहीर, रस्त्याचा फाटा, अशा ज्या खुणा कागदावरही आहेत आणि जागेवरही आहेत, त्या शोधायच्या आणि प्रत्येकीचे खरे अक्षांश-रेखांश कॉम्प्युटरला सांगायचे. मग तो बाकीचा कागद ताणून-वळवून जागेवर बसवतो. पृथ्वी गोल आणि स्क्रीन सपाट, त्यामुळे कोणतं प्रक्षेपण वापरलं तेही सांगावं लागतं. सोलापूर शहर साधारण ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात. चुकून ४४ निवडला, तर तुमचं गाव भलत्याच ठिकाणी जाऊन पडतं. प्रात्यक्षिकात प्रक्षेपणं काढताना कंटाळा आला असेल, पण ती शिकवतात ती यासाठी.

आणि फोनचं जीपीएस? मोकळ्या आभाळाखाली ते काही मीटरपर्यंत अचूक असतं. चहाची टपरी शोधायला एवढं पुरे. बांधावर पाच मीटर इकडे-तिकडे झाले, तर दोन भाऊ कोर्टात जातात! म्हणून भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीत आता रोव्हर वापरतात. एका जागी पक्कं बसवलेलं स्टेशन उपग्रहाच्या सिग्नलमधली चूक सतत मोजतं, ती दुरुस्ती रोव्हरला मिळते आणि अचूकता सेंटिमीटरवर येते.

वजा टक्क्यांचं धरण

दुसरा प्रश्न उजनीचा. उन्हाळ्यात 'उजनी वजा २० टक्के' अशी बातमी येते आणि बाहेरगावच्या लोकांना कळतच नाही, की धरण शून्याच्या खाली जातं कसं. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची. म्हणजे वजा २० टक्के असतानाही, कागदोपत्री, धरणात ५० टीएमसीहून जास्त पाणी असतं.

'कागदोपत्री' हा शब्द इथं मुद्दाम वापरला आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात इतक्या वर्षांत गाळही बसला. उपग्रहाला पाण्याचा काठ दिसतो, तळ दिसत नाही. पण वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरलं हे मोजत गेलं आणि जुन्या तक्त्याशी ताडून पाहिलं, तर त्या पातळ्यांच्या दरम्यान गाळाने किती जागा खाल्ली याचा अंदाज बांधता येतो. कायम पाण्याखाली असलेल्या तळासाठी मात्र बोटीतूनच खोली मोजावी लागते. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा विषय पुरून उरेल.

शिकायचं कुठं, आणि नोकरीचं काय?

सोलापुरातच, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या कॅम्पसवर, भूशास्त्र संकुलात हा विषय आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ आणि सिम्बायोसिस आहे. पात्रता आणि फी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर जाऊ नका. पुढे एम.टेक. करायचं असेल तर गेटमध्ये २०२२ पासून जिओमॅटिक्सचा वेगळा पेपर आहे.

कामं वाढण्यामागे सरकारी निर्णयही आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरचे बरेच परवाने काढून टाकले, त्यामुळे खासगी भारतीय कंपन्यांना तपशीलवार मोजणी करणं सोपं झालं. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत.

तरी घरी खरं सांगून ठेवा. पहिली नोकरी बहुतेक वेळा डिजिटायझेशनची मिळते, म्हणजे दिवसभर स्क्रीनवर घरं आणि रस्ते गिरवणं. काम कंटाळवाणं आणि पगार बेताचा. त्यातून वर निघतात ते पायथन आणि डेटाबेस शिकलेले. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. क्यूजीआयएस फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. इस्रोची देहरादूनची संस्था आयआयआरएस ऑनलाइन कोर्स फुकट घेते.

आवड तपासायची असेल तर लॅपटॉपही नको. फोनच्या ब्राउझरमध्ये कॉपर्निकस ब्राउझर उघडा. मोहोळजवळ सीना शोधा, सेंटिनेल-१ निवडा. एक तारीख २०२५ च्या मे महिन्यातली घ्या, दुसरी सप्टेंबरच्या अखेरची. नदीचा काळा पट्टा जिथं अचानक रुंद झालेला दिसेल तिथं थांबा, दुसऱ्या टॅबमध्ये महाभूनकाशा उघडा आणि तिथले गट नंबर वाचायचा प्रयत्न करा.