जनरेटरचे इलेक्ट्रॉनिक पॅनेल : बसविताना आणि चालविताना



ऊस विकास विभागाच्या माणसाने जनरेटरवर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. एक डोळा पद्धतीची ऊस रोपे हल्ली ट्रेमध्ये वाढवली जातात. ट्रेच्या एका कप्प्यात कोकोपीट ते केवढे, चिमूटभर. उन्हाळ्यात दिवसभर पाणी हुकले की रोप मान टाकते, आणि एकदा सुकलेले रोप पुन्हा नीट उभे राहत नाही. एका शेडमध्ये लाखभर रोपे असली, तर ती कितीतरी सभासदांच्या लागणीची असतात. म्हणून रोपवाटिकावाले जनरेटर घेतात. गोठ्यावर दुधाचा कूलर असणारे घेतात, ठिबकवाले घेतात. संचाबरोबर एक छोटी पेटी येते. तिच्यावर काचेची पाटी आणि चार-पाच बटणे असतात. ही पेटी म्हणजे संचाचा मुकादम. तिची ओळख मात्र कोणी नीट करून देत नाही. डीलरचा माणूस येतो, बटण दाबून इंजिन चालू करून दाखवतो, चहा घेतो आणि जातो.

जुन्या काळी विहिरीवरचे इंजिन हँडल मारून चालू व्हायचे. आवाज बदलला की गडी धावत जायचा. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, वेग, सगळे कानाने आणि हाताने ओळखायचे. पॅनेल हेच काम तारांवरून करते. तेलाचा दाब पडला, पाणी तापले, वेग प्रमाणाबाहेर गेला, व्होल्टेज वर-खाली झाले, तर ते काही सेकंदांत डिझेल तोडून इंजिन बंद करते आणि कारण पाटीवर दाखवते. तेल नसताना इंजिन मिनिटभर जरी चालले तरी बेअरिंग धरते आणि क्रँकची वाट लागते. त्या दुरुस्तीच्या खर्चापुढे पॅनेलची किंमत काहीच नाही.

घेण्यापूर्वी एक विचार करा

दुकानदार सांगतो, "साहेब, ऑटोमॅटिकच घ्या. लाईट गेली की आपोआप चालू, आली की आपोआप बंद." दवाखान्याला, ऑफिसला, दूध शीतकरण केंद्राला हे ठीक आहे. शेतीच्या फीडरवर ते बहुधा अंगलट येते. शेतीपंपाला वीज मिळते ती पाळीने, दिवसा ८ तास किंवा रात्री थोडी जास्त. बाकीचा सगळा वेळ पॅनेलच्या लेखी लाईट गेलेलीच. ऑटोवर ठेवले की रात्रभर इंजिन धडधडत राहते आणि सकाळी टाकी रिकामी. त्यात आपल्याकडे कित्येक फीडरवर पाळी नसलेल्या वेळी एक-दोन फेजच चालू असतात. पॅनेल तिन्ही फेज बघते, तिसरा नाही दिसला की लाईट गेली असे समजते. त्याचे चुकत नाही, आपली निवड चुकते.

म्हणून माझे मत असे की, बहुतेक सभासदांना लाईट गेल्यावर आपोआप चालू होणारे पॅनेल लागतच नाही. लागते ते इंजिनाचे संरक्षण करणारे आणि हाताने किंवा बाहेरच्या इशाऱ्याने चालू होणारे. रोपवाटिकेसाठी टाकीतला फ्लोट किंवा टाइमर या इशाऱ्याला जोडता येतो. टाकी खाली गेली आणि वीज नसेल तरच संच चालू. डिझेल वाचते आणि रोपेही वाचतात. नाहीतरी १ लिटर डिझेलमागे लहान संचातून ३ ते साडेतीन युनिट वीज मिळते. १० अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराला तासाला साडेआठ युनिटांच्या आसपास खाते. म्हणजे तासाला अडीच ते तीन लिटर डिझेल. भाव तुम्हीच घाला आणि बघा, सगळा ऊस यावर भिजवणे परवडणारे नाही. अडीनडीची सोय म्हणूनच तिच्याकडे बघावे.

सर्वांत आधी चेंजओव्हर

या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. जनरेटरची वीज आणि महावितरणची वीज एकमेकांना कधीही भेटता कामा नये. आपला संच ४१५ व्होल्ट देतो. ती वीज उलटी डी.पी.वर गेली तर ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करतो. पलीकडे लाईन बंद आहे म्हणून लाईनमन खांबावर चढलेला असतो. तो कोणाचा तरी मुलगा असतो, पुष्कळदा आपल्याच गावचा.

कित्येक ठिकाणी असे दिसते की किटकॅट काढून खिशात टाकतात आणि जनरेटरच्या तारा सरळ स्टार्टरला जोडतात. "फ्यूज काढलाय की, वीज जाईल कुठून?" असे वर सांगतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, ही एक गोष्ट. आणि घरातल्या दुसऱ्या कोणी लाईट आली म्हणून किटकॅट परत बसवला की झाले. त्यासाठी चार पोलचा चेंजओव्हर स्विच लावावा. त्यात तीन फेज आणि न्यूट्रल एकदम तुटतात, आणि एका वेळी एकच बाजू लागू शकते. पॅनेलमधून आपोआप बदल करायचा असेल तर दोन कॉन्टॅक्टर लागतात. त्यांना विजेचे आणि यांत्रिक, असे दोन्ही इंटरलॉक असावेत. यांत्रिक इंटरलॉक नको, खर्च वाढतो, असे सांगणाऱ्या वायरमनला परत पाठवावे. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन, असे चार अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे घ्यावेत.

बसविताना

पॅनेल इंजिनाच्या अंगावर लावू नये. थरथरीने स्क्रू ढिले होतात. लावणे भागच असेल तर खाली रबरी बुशे द्यावीत. ऊन, पाऊस आणि सायलेन्सरची धग यांपासून लांब जागा निवडावी. तारा आत जातात त्या भोकांना ग्लँड लावून ती बंद करावीत. आपल्याकडे पाचटाची धूळ, मुंग्या, उंदीर आणि पाली या चौघांनी जेवढी पॅनेले जाळली तेवढी विजेनेही जाळली नसतील. उघड्या भोकातून पाल आत शिरते आणि दोन फेजवर आडवी पडते.

संच बंद खोलीत ठेवून धूर आतच सोडू नये. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो.

तेलाच्या दाबाचा आणि उष्णतेचा सेन्सर पुष्कळ इंजिनांवर एकाच तारेचा असतो. त्याची परतीची वाट इंजिनाच्या लोखंडातून असते. नळकामाची सवय असलेला कारागीर गळती नको म्हणून आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतो. टेपमुळे वाट अडते आणि पॅनेलवर दाब खोटा दिसतो. मग "पॅनेल खराब आहे" म्हणून लोक तारच काढून टाकतात, म्हणजे मुकादमाचे डोळेच बांधले!

उष्णतेच्या सेन्सरची आणखी एक गोम आहे. तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. रेडिएटरचे पाणी पार गळून गेले तर तो कोरड्या पोकळीत लटकतो आणि उष्णता कमी दाखवतो, इंजिन मात्र आत तापत असते. तेव्हा पॅनेल असले तरी रोज सकाळी थंड इंजिनावर पाण्याची आणि तेलाची पातळी हातानेच बघायची. ही सवय सुटली की पॅनेलचा उलट तोटा होतो.

डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉईडचे दोन प्रकार आहेत. एकाला करंट मिळतो तोवर इंजिन चालते. दुसऱ्याला करंट मिळाला की इंजिन बंद होते. दुसऱ्या प्रकारात बॅटरीची तार सुटली तर पॅनेल इंजिन थांबवूच शकत नाही. शक्यतो पहिला प्रकार घ्यावा. दुसरा असेल तर हाताने बंद करायची दांडी मोकळी हलते ना, हे तपासत राहावे.

करंट दाखवण्यासाठी तारांभोवती सी.टी.ची कडी असतात. संच भारावर चालू असताना त्यांच्या तारा कधीही सोडू नयेत. टोकांना जबर व्होल्टेज तयार होते, माणूसही दगावतो. संचाच्या फ्रेमला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरी आणि पॅनेल दोन्ही सोडवावीत. बॅटरीची ऋण तार काढताना पहिली आणि लावताना शेवटची.

सेटिंग आणि चाचणी

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. चार पोलच्या अल्टरनेटरला त्यासाठी १,५०० फेरे लागतात. साध्या गव्हर्नरचा संच रिकामा असताना ५२ हर्ट्झच्या आसपास चालतो आणि भार आला की ५० वर बसतो. तेव्हा रिकाम्या संचावर ५२ दिसले म्हणून घाबरू नये. जादा वेगाला बंद करायची मर्यादा साधारण ५७ हर्ट्झवर ठेवतात. व्होल्टेजची मर्यादा १० टक्के खाली-वर पुरते, पण तिला काही सेकंदांची सवलत द्यावी. नाहीतर मोटार चालू होताना व्होल्टेज क्षणभर बसते आणि पॅनेल तेवढ्यावरच संच बंद करते. चाव्या मारण्याच्या खेपा तीन, प्रत्येक सुमारे १० सेकंदांची, मध्ये तेवढीच विश्रांती, असे ठेवले की बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही टिकतात. तेल व उष्णतेच्या मर्यादा इंजिन कंपनीच्या पुस्तकातून घ्याव्यात, शेजारच्याच्या संचावरून नव्हे.

ताबा घेताना डीलरला पुढील गोष्टी समोर करून दाखवायला लावा आणि मगच सही करा. डिझेल बंद ठेवून चावी मारायला लावा. तीन खेपांनंतर पॅनेलने थांबून इशारा दिला पाहिजे. मग संच चालू करून तेलाच्या स्विचचा इशारा मुद्दाम द्यायला लावा, इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. उष्णतेचेही तसेच. लाल इमर्जन्सी बटण भारावर असतानाच दाबून बघा. शेवटी मोटार फिरवा. फेजचा क्रम महावितरणच्या क्रमाशी जुळला नाही तर मोटार उलटी फिरते, पाणी कमी पडते, आणि आपण पंपाला दोष देत बसतो.

२५ के.व्ही.ए.च्या संचाची पूर्ण क्षमता ३५ अँपिअरच्या आसपास. १० अश्वशक्तीची मोटार चालताना १४-१५ अँपिअर घेते, पण थेट चालू केली तर पहिल्या झटक्याला त्याच्या सहापट. स्टार-डेल्टा स्टार्टरने तो झटका तिसऱ्या हिश्शावर येतो. आणि मोटारीवरचा ऑटोस्विच जनरेटरसाठी काढाच. दोन-तीन मोटारींचे ऑटोस्विच एकदम लागले की संच गुदमरतो. कपॅसिटर असेल तर तो स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला असावा. मोटार बंद असताना एकटाच कपॅसिटर संचावर राहिला तर व्होल्टेज चढते.

रोजच्या वापरात

संच चालू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटे रिकामा फिरू द्यावा, मग भार द्यावा. बंद करतानाही आधी भार काढावा. पॅनेलला ही विश्रांतीची वेळ देता येते, ती काढून टाकू नये. आठवड्यातून एकदा १०-१५ मिनिटे भारावर चालवावा. नुसता रिकामा चालवत राहिल्यास डिझेल पुरते जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळे तेल गळू लागते. स्वस्थ असलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसली पाहिजे. चावी मारताना फारच खाली गेली तर पाटी विझते आणि लोकांना वाटते पॅनेल गेले. आधी बॅटरीची टोके घासून बघावीत.

पॅनेल ऑटोवर किंवा फ्लोटवर असताना इंजिन कोणालाही न विचारता चालू होते. पट्ट्याजवळ हात घालणारा गडी, पदर सांभाळत झाडणारी बाई, पकडापकडी खेळणारी पोरे, यांना ते माहीत नसते. जाळी लावावी, "हे इंजिन आपोआप सुरू होते" अशी पाटी लावावी. हात लावण्यापूर्वी पॅनेल स्टॉपवर घेऊन बॅटरीची तार काढावी.

इशारा आला की हॉर्न बंद करून, रिसेट दाबून पुन्हा चावी मारायची, ही पद्धत घातक आहे. तेलाचा इशारा असेल तर आधी दांडी काढून तेल बघा. पाण्याचा असेल तर इंजिन निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नका. तारीख, तास आणि इशारा एका वहीत लिहीत जा. पॅनेलवर तासांचा आकडा असतोच, तेल बदलायचे त्यावरून ठरवावे.

१ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे मोठ्या संचांच्या इंजिनावरच आता छोटा संगणक असतो आणि पॅनेल त्याच्याशी दोन तारांवरून बोलते. त्या दोन तारा गावच्या वायरमनने कापून जोडू नयेत, कंपनीचा माणूस बोलवावा.

वायरिंगचा नकाशा डीलरकडून मागून घ्या, तो प्लॅस्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराला आतून लावा. ज्यांना तो मिळालेला नाही किंवा चेंजओव्हरबद्दल शंका आहे, त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव द्यावे. रोपवाटिकांची पाहणी करताना कारखान्याच्या विद्युत विभागातील वायरमनला बरोबर आणण्याची व्यवस्था करता येईल.